लायलचा लांडगा

मी एक जुना लांडगा आहे. घाबरू नका, मित्रांनो. मला पोट नाही, पंजे नाहीत आणि आजवर मी कुणालाही चावलेलो नाही. मी नुसते डोके आहे. फोमचा चेहरा, याकचे केस आणि राळेचे दात असलेला एक मुखवटा. ॲबट्सफर्ड गावी, मला घडवणाऱ्या ग्रेटाच्या गॅरेजात, फळीवरच्या एका झाकणाच्या डब्यात माझा मुक्काम असतो. माझ्या डाव्या कानाला आता नुसता हात लावला तरी त्याचा भुगा होतो. म्हणून म्हटले, तोंड शाबूत आहे तोवर सगळे सांगून टाकावे.

माझा जन्म ग्रेटा फ्रीसनच्या कार्यशाळेत झाला. ती तेव्हा बर्नबी शहरातल्या एका जुन्या गोदामात काम करायची. नकली जखमा, नकली नाके, नकली म्हातारपण, जे मागाल ते ती करून द्यायची. एके दिवशी तिच्यापुढच्या खुर्चीत एक उंच, हाडकुळा माणूस येऊन बसला. त्याचे नाव लायल बुशार. पन्नाशीकडे झुकलेला. तरुणपणी तो रंगमंचावर नाचत असे. मग गुडघा गेला आणि नाच सुटला. तेव्हापासून तो सिनेमांत अस्वले, भुते आणि परग्रहावरचे प्राणी होऊ लागला होता. पोशाख कुठलाही असो, आतला माणूस बहुधा लायलच.

ग्रेटाने त्याच्या चेहऱ्यावर ओले प्लास्टर थापले. नाकपुड्या तेवढ्या मोकळ्या ठेवल्या.

"आता तुला बोलता यायचं नाही," ती म्हणाली. "बरं झालं. माझं ऐकून घेणारा एक तरी मिळाला."

आणि प्लास्टर वाळेपर्यंत ती त्याला शेजाऱ्याच्या कोंबड्यांची गाऱ्हाणी सांगत राहिली. लायलला हसता येत नव्हते. त्याचे खांदे तेवढे गदगदत होते.

त्याच्या चेहऱ्याच्या साच्यावर आधी मातीचा लांडगा झाला, मग फोमचा. मला भट्टीत भाजले. मग केस लावायला सुरुवात झाली. ग्रेटा सुईने एकेक केस टोचून बसवायची. तिची बोटे सुजायची, ती गरम पाण्यात बुडवायची आणि पुन्हा बसायची. सगळे झाल्यावर लायलने मला दोन्ही हातांनी उचलले आणि नाकाला नाक लावले.

"काय रे," तो म्हणाला, "आता आपल्याला एकाच खोलीत राहायचंय. घोरतोस का तू?"

मित्रांनो, मला कुणी विचारलेला तो पहिला प्रश्न.

आमच्या मालिकेचे नाव होते 'कळप'. गोष्ट तुम्हाला ओळखीची वाटेल. धुक्यात बुडालेल्या एका गावात रोवन नावाचा शाळकरी मुलगा असतो. रानात त्याला लांडगा चावतो आणि पौर्णिमा आली की तोही लांडगा होतो. ही मालिका सिबिल नावाच्या बाईने रचली होती आणि महत्त्वाचे भाग तीच दिग्दर्शित करायची. पुठ्ठ्याच्या पेल्यातली कॉफी घेऊन ती ग्रेटाच्या कार्यशाळेत यायची आणि या गोष्टी कशा चालतात ते सांगत बसायची.

"चावा पहिल्याच भागात हवा. आईला कळता कामा नये. आणि मुलगी? ती शिकाऱ्याचीच असणार."

"दुसऱ्या कुणाची का नाही? दंतवैद्याची?" ग्रेटा विचारायची.

"दंतवैद्याच्या मुलीवर प्रेम केलं तर जिवाला धोका कुठाय? कळपात एक शहाणा म्हातारा लागतो. तो मरतो."

"मेला की संपलं?"

"छे! पुढच्या वर्षी परत येतो. लोक पत्रं पाठवून पाठवून वेड लावतात."

रोवनचे काम कॉर्बिन नावाचा तरुण करायचा. देखणा, राखाडी डोळ्यांचा. माझे डोळेही त्याच्यासारखेच राखाडी केले होते, म्हणजे आत रोवनच आहे असे लोकांना वाटावे. लायलचे डोळे तपकिरी होते. पण ते कुणाला दिसतच नसत. माझ्या डोळ्यांखाली बारीक फटी होत्या, त्यांतून त्याला पायापुरते दिसे.

बदल व्हायचा तो असा. भर दुपारी रानात मोठा काळा तंबू ठोकून अंधार केलेला असे. क्रेनला टांगलेला दिवा म्हणजे आमचा चंद्र. आमच्याकडे पौर्णिमा मंगळवारी यायची, क्रेन मोकळी असेल तर. कॉर्बिन किंचाळायचा, सदरा फाडायचा आणि एका ओंडक्यामागे पडायचा. तिथे सगळे थांबायचे. कॉर्बिनला ब्लँकेट मिळायचे, गरम कोको मिळायचा. मग अंगभर केसाळ पोशाख आणि डोक्यावर मी, असा लायल येऊन त्याच जागी तशाच वळणात आडवा व्हायचा. आणि ओंडक्यामागून लांडगा उठायचा.

तो कसा उठायचा हे मी तुम्हाला कसे सांगू? आधी डावा खांदा खाली जाई, मग मान, आणि मग सगळे अंग पाण्यासारखे पुढे सरके. बघणारे बोलायचे थांबत. आत मात्र घामाची धार लागलेली असे. माझ्या फोमने त्याचा किती घाम प्यायला असेल, देव जाणे.

लायलला एकच मुलगी होती, डेलिया. तिची आई ती लहान असतानाच वारली होती. डेलिया शाळा सुटल्यावर डोनटच्या दुकानात काम करायची आणि संध्याकाळी बापाला न्यायला गाडी घेऊन यायची. तिच्या मैत्रिणी रोवनवर जीव टाकायच्या.

"आणि तू?" एकदा ग्रेटाने तिला छेडले.

"मी लांडगा आला की बघते," ती म्हणाली. "डावा खांदा आधी पडला की बाबा. एकदा बाबा आजारी होते तेव्हा दुसरा कुणी आत होता ना? मला लगेच कळलं. तो नुसता वाकला होता."

मालिका गाजली. कॉर्बिनचे मोठमोठे फोटो बसवर लागले. चित्रीकरणाच्या जागेच्या फाटकापाशी पावसात रेनकोट घालून मुली उभ्या राहायच्या. एकदा लायल मला पिशवीत घालून त्यांच्यामधून वाट काढत होता. कुणी त्याच्याकडे पाहिलेही नाही. त्या सगळ्या कॉर्बिनला म्हणत होत्या, "एकदा ओरड ना रे लांडग्यासारखा!"

कॉर्बिन ओरडला. मुली खूश झाल्या. लायल जाता जाता हळूच म्हणाला, "घशातून नको, पोरा. पोटातून."

कॉर्बिनचे कान लाल झाले. दुसऱ्या दिवशी तो दोन कॉफ्या घेऊन ग्रेटाच्या टेबलाशी आला. एक त्याने लायलपुढे ठेवली.

"लोक मला म्हणतात, 'लांडगा किती छान करतोस तू!'" तो म्हणाला. "मी काय बोलायचं त्यांना?"

"आभार मान. निरोप पोचतो माझ्यापर्यंत."

त्या दिवसापासून तो पोरगा आमच्यातला झाला. ग्रेटा दोघांना सारखेच रागवायची.

मग मी सैल होऊ लागलो. आधी मला वाटले, माझेच वय झाले. पण सैल मी नव्हतो. माझ्या आतला चेहरा ओसरत होता. गालाशी पोकळी झाली, मग कानशिलाशी. धावताना मी त्याच्या डोक्यावर हलायचो आणि त्या बारीक फटी डोळ्यांसमोरून सरकायच्या. ग्रेटाने आतून फोमची एक पट्टी चिकटवली. थोड्या दिवसांनी आणखी एक चिकटवली. तिसऱ्या वेळी तिने सुरी खाली ठेवली.

"लायल, माझ्याकडे बघ. काय झालंय तुला?"

तो माझ्या केसांतून बोटे फिरवत राहिला. "पोटात गाठ आहे. डॉक्टर म्हणतात, उशीर झाला."

"आणि तू इथे उड्या मारतोयस?"

"तिथे बसून काय करू? ग्रेटा, कुणाला सांगू नकोस. कळलं तर हे काढून घेतील माझ्याकडून."

ग्रेटाने पुन्हा सुरी उचलली. "मी पट्टी लावते. पण लेकीला तू सांगायचंस. आज. नाहीतर उद्या मी सांगेन."

आमच्या मालिकेत गुपित फुटायचे ते दाराआडून कुणीतरी ऐकल्यामुळे. मग बशा फुटायच्या, कुणीतरी पावसात पळत सुटायचे. खरे गुपित कसे फुटते ते मी त्या संध्याकाळी पाहिले. डेलियाने गाडी आणली होती. लायल मला मांडीवर घेऊन तिच्या शेजारी बसला. तिने गाडी सुरूच केली नाही.

"डेलिया, तुला एक सांगायचंय."

"मला माहीत आहे, बाबा."

"काय माहीत आहे?"

"तुम्ही बसून बसून जिना चढता. मी बाथरूममधून बाहेर यायला मुद्दाम वेळ लावते, तुम्ही वर पोचेपर्यंत."

लायलने माझ्यावर हनुवटी टेकली. डेलियाने खिशातून कागदात गुंडाळलेला डोनट काढला आणि त्याचे दोन तुकडे केले. दोघांनी तो खाल्ला. साखर माझ्या भुवयांवर सांडली. ना काही फुटले, ना कुणी पळाले.

पुढे एका दुपारी ओंडक्यामागून उठताना लायल पुन्हा खाली बसला आणि उठलाच नाही. ग्रेटाने धावत येऊन आधी मला काढले. त्याचे ओठ पांढरे पडले होते. "माफ करा हं, मंडळी," तो म्हणाला. "चंद्र जरा जास्तच चढला."

त्याला रुग्णालयात नेले ते नेलेच.

आता मालिकेतला त्या वर्षीचा शेवटचा भाग राहिला होता. त्यात कळपातला म्हातारा मरतो आणि रोवन लांडग्याच्या रूपात नदीकाठी त्याचा शोक करतो. कंपनीने दुसरा माणूस ठरवला. कॉर्बिन अडून बसला.

"मी घालीन मुखवटा. नाहीतर मी येत नाही."

त्याला खूप समजावले, धमकावले. तो हटला नाही. शेवटी तो ग्रेटाबरोबर रुग्णालयात आला. मी तिच्या पिशवीत होतो. खोलीत डेलिया होती आणि पलंगावर उशीइतका हलका झालेला लायल.

"मला शिकव," कॉर्बिन म्हणाला.

"काय शिकवू?"

"चालायला."

"एवढा घोडा झालास आणि अजून चालता येत नाही?" लायलचा आवाज अगदी बारीक होता, पण थट्टा तीच होती. "हो खाली. गुडघे टेकायचे नाहीत."

लाखो मुलींचा लाडका नट रुग्णालयाच्या फरशीवर ओणवा झाला. ग्रेटाने त्याच्या डोक्यावर मला चढवले. लायलसाठी लावलेल्या पट्ट्या त्याच्या गालांना काचत होत्या. तरी तो चालायला लागला आणि सलाईनच्या स्टँडवर आदळला.

"बदक," लायल म्हणाला. "परत."

तो परत फिरला.

"आता बकरी. पण बरी बकरी आहे. छाती पुढे, डोकं मागून येऊ दे. परत."

डेलिया तोंडावर हात ठेवून हसत होती. तेवढ्यात नर्स आत आली आणि दारातच थबकली.

"हे काय चाललंय इथे?"

"भेटायला आलेत," लायल म्हणाला. "घरचेच आहेत."

नर्स गेल्यावर कॉर्बिन जमिनीवरच बसला. माझ्या आत तो धापा टाकत होता. "आणि रडायचं कसं?" त्याने विचारले. "यातून काही दिसतच नाही."

"चेहरा विसर. तोंड वाकडं करून इथे उपयोग नाही. पाठीनं रडायचं."

"पाठीनं?"

लायल सावकाश खिडकीकडे वळला. पातळ गाऊनखाली त्याची पाठ दिसत होती, मणके मोजता येतील अशी. तो काही करत आहे असे वाटले नाही. पण ती पाठ पाहिली आणि ग्रेटा खोलीबाहेर निघून गेली.

चेरीची झाडे फुलली होती तेव्हा लायल गेला. डेलिया त्याच्याजवळ होती. मी नव्हतो. मी कार्यशाळेतल्या लाकडी डोक्यावर बसलो होतो. ग्रेटा सकाळी आली, तिने दिवा लावला, माझ्यासमोर बसली आणि कंगव्याने माझे केस विंचरू लागली. सगळे विंचरून झाले तरी ती विंचरतच राहिली. तेव्हा मला कळले.

नदीकाठच्या चित्रीकरणाला डेलियाही आली. दुकानातून तशीच आली होती, ॲप्रनवर रेनकोट घालून. काळ्या तंबूखाली सगळे उभे होते. पाणी खळाळत होते. कॉर्बिन माझ्या आत शिरला.

"हे बघ," सिबिल म्हणाली, "तू नदीपाशी यायचंस, मग मी थांबवीन. मुखवटा काढू, माणूस होऊन रडशील. जवळून चेहरा घेऊ."

"नको. लांडगाच रडू दे."

"कॉर्बिन, दुःख शिगेला पोचलं की माणसाचा चेहरा लागतो. लोक त्याचीच वाट बघत असतात. हा नियम काही मी केलेला नाही."

"लायलचा चेहरा कधी लागला होता कुणाला?"

सिबिलने टोपी काढली, पुन्हा घातली. "एकदा," ती म्हणाली. "तुझ्या मनासारखं एकदा."

कॉर्बिन चालत आला. बदक नव्हते, बकरीही नव्हती. पाण्याकाठी तो थांबला आणि हळूहळू खाली बसला. सिबिलने हात वर केला, म्हणजे झाले, चांगले झाले.

"खांदा चुकला," डेलिया म्हणाली.

सगळ्यांनी मागे वळून पाहिले. ती लाल झाली, पण मागे हटली नाही. "बसताना उजवा आधी टाकला. बाबा डावा टाकायचे."

माझ्या आतून आवाज आला, "परत करतो."

सिबिलने मान हलवली. तो पुन्हा रानाच्या कडेपर्यंत गेला आणि पुन्हा आला. या वेळी डावा खांदा खाली गेला, मग मान, आणि मग सगळे अंग पाण्यापाशी ओसरले. त्याची पाठ आमच्याकडे होती. ती किंचित हलली, मग खूप हलली. मित्रांनो, बाहेर ते फक्त पाठीतून दिसत होते. पण मला आतले कळत होते. तो मुलगा खरोखर रडत होता आणि त्याचे पाणी माझ्या फोममध्ये, लायलच्या घामाच्या शेजारी मुरत होते. डेलिया बघत राहिली. मग तिने ग्रेटाचा हात धरला आणि म्हणाली, "हे बाबा."

कुणीही टाळ्या वाजवल्या नाहीत. सिबिलने चष्मा पुसला आणि म्हणाली, "हा ठेवू आपण."

तिने शब्द दिला होता, पण तो पाळणे तिच्या हातात नव्हते. तो भाग लागायच्या आधी ती स्वतः ग्रेटाकडे आली. कोट न काढताच दारात उभी राहिली.

"वरचे म्हणतात, लांडग्याची पाठ कोण बघत बसणार? चेहरा हवा. कॉर्बिनला नंतर वेगळं रडवून घेतलंय, डोळ्यांत औषधाचे थेंब घालून. मी भांडले, ग्रेटा. तोही भांडला."

"डेलियाला कोण सांगणार?"

"मीच सांगते," सिबिल म्हणाली आणि गेली.

पडद्यावर मी आलो तो क्षणभर. नदीकडे जाणारी एक सावली, आणि लगेच कॉर्बिनचा ओला, देखणा चेहरा. लोकांना ते फार आवडले. त्या रडण्याबद्दल त्याला एक बक्षीसही मिळाले. ते घेताना तो काही बोललाच नाही, नुसता उभा राहिला. लोकांना वाटले, भारावून गेला असेल.

पुढच्या वर्षी संगणकातला लांडगा आला. तो माझ्यापेक्षा मोठा होता, वेगाने पळायचा आणि त्याला घाम येत नसे. ग्रेटाची कार्यशाळा बंद झाली. ती मला घेऊन ॲबट्सफर्डला आली. फोमचे आयुष्य माणसाइतकेही नसते. ऊन लागले, गरमी झाली की तो आतून मरत जातो. पहिली काही वर्षे मला बघायला कुणीतरी यायचे. मग कुणी येईनासे झाले.

गेल्या शरद ऋतूत डेलिया आली. आता तिच्या केसांत एकदोन रुपेरी तारा आहेत. ग्रेटाही काठी घेऊन चालते. दोघींनी माझा डबा खाली काढला. डेलियाने मला अगदी अलगद उचलले, उलटे केले आणि आपला चेहरा माझ्या आत घातला. बराच वेळ ती हललीही नाही.

"काय गं?" ग्रेटाने घाबरून विचारले.

"पुदिना," आतून आवाज आला. "आत जाण्याआधी बाबा पुदिन्याची गोळी तोंडात टाकायचे ना? अजून येतोय वास."

ग्रेटा स्टुलावर बसली. डेलियाने आणखी एक खोल श्वास घेतला. मग एकदम तिने मला चेहऱ्यापासून दूर केले आणि घाईघाईने डब्यात ठेवले.

"घे की अजून," ग्रेटा म्हणाली.

"नको. संपेल. थोडा राहू दे."

आणि तिने झाकण लावले.

मित्रांनो, माझे आता फार दिवस उरलेले नाहीत आणि त्याची मला खंतही नाही. एवढेच मागणे आहे. तुमच्या घरात एखाद्या गेलेल्या माणसाची टोपी असेल, स्वेटर असेल, तर तो धुवायला टाकण्याआधी घरच्यांना एकदा विचारा. आणि तुमच्यासाठी जो कुणी रोज घाम गाळतो, त्याचा चेहरा आजच नीट बघून घ्या.